सरासरी दोन

पेपर छापून आला त्या दिवशी थोरलीच्या घरात जो आनंदीआनंद झाला, तेवढा तिला डॉक्टरीला प्रवेश मिळाला तेव्हाही झाला नव्हता. आईनं सकाळपासून फोन खाली ठेवला नाही. बाबांनी ऑफिसातून चार पानं रंगीत छापून आणली, खरं तर त्यात रंगीत असं काहीच नव्हतं. आणि मामानं ती पानं हातात घेऊन, जिन्यात उभं राहून, शीर्षक मोठ्यानं वाचून दाखवलं.

मामा घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. उभा जन्म पहाटे उठून कांद्याबटाट्यांच्या ढिगावर उभा राहून ओरडण्यात गेलेला, त्यामुळे त्याचं कुजबुजणंसुद्धा दोन मजल्यांना ऐकू जायचं.

"जखमेची पट्टी भिजवून काढण्याच्या पद्धतीचा रुग्णाच्या वेदनेवर होणारा परिणाम!" त्यानं पुकारलं.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून विचारलं, "काय भाव लागला?"

सगळे खो खो हसले. थोरलीही हसली. पाच नावांत तिचं नाव चौथं होतं आणि बाबांनी त्याखाली पेनानं रेघ मारून ठेवली होती. पण पान उलटल्यावर पहिल्याच ओळीत तिची नजर अडकली. एकशेवीस रुग्णांना विचारलं, असं तिथं लिहिलं होतं. वेदनेची सरासरी, दहापैकी दोन. थोरलीनं विचारलं होतं चौतीस जणांना, आणि त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी सातच्या वरचे आकडे सांगितले होते.

"बाकीच्यांना उरक्यानं विचारलं असेल," तिनं स्वतःची समजूत घातली आणि चहाचा कप उचलला. माणसाला स्वतःचीच समजूत घालावी लागली की ओळखावं, कुठंतरी पाणी मुरतंय.

आता हा उरक्या कोण, आणि डॉक्टरी शिकणारी पोरं पेपर कशाला छापत बसतात, हे सांगायला हवं. कॉलेजचा शेवटचा निकाल लागला की पुढं स्पेशालिस्ट व्हायला जागा लागते. जागा चिमूटभर, पोरं पोतंभर. तेव्हा कुणीतरी डोकं लढवून नियम काढला, की ज्यानं शिकतानाच संशोधन केलं आणि ते छापून आणलं, त्याला जादा गुण. कल्पना वाईट नव्हती. पण गुण मिळतात म्हटल्यावर संशोधन राहिलं बाजूला, आणि छापणं तेवढं उरलं. कँटीनमध्ये एकानं दुसऱ्याला "तुझे किती?" असं विचारलं, तर ते पेपरांविषयी असे. कुणी मित्राचं नाव आपल्या पेपरात घाली, मित्र त्याचं नाव आपल्यात घाली, आणि दोघांचे दोन-दोन होत. ज्यांना ओळखीचं कुणी नसे ती पोरं खरोखर वॉर्डात जाऊन काम करत. त्यांना सगळे भोळे म्हणत.

थोरली भोळ्यांतली. तिला सर्जरीच्या मोठ्या सरांनी हा विषय दिला. वॉर्डात रोज सकाळी जखमांची ड्रेसिंग व्हायची. आदल्या दिवशीची पट्टी जखमेला चिकटलेली असते आणि ती ओढून काढताना माणसाला ब्रह्मांड आठवतं, म्हणून त्याआधी दुखणं मारणारी सुई देत. मोठ्या सरांचं म्हणणं, पट्टी कोमट पाण्यानं नीट भिजवली तर ती अलगद सुटते, सुई लागतच नाही. सुई वाचते, सिस्टरचा वेळ वाचतो, शिवाय पेपर होतो. या कामाला एक रेसिडेंट लावून दिला, जो कुठलंही काम हातात आलं की उरकून टाकायचा. पोरांनी त्याचं नावच उरक्या पाडलं होतं.

थोरली खाटेखाटेपाशी जाऊन विचारायची. "शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तुमचं किती?" एक गवंडी तिला म्हणाला, "दहाच्या पुढं मोजायला शिकवत नाहीत का तुम्हाला?" एका निवृत्त मास्तरांनी साडेसात सांगितलं आणि तो अर्धा लिहून घेतलाय ना, हे कागद मागून घेऊन तपासलं. एका रांगड्या गड्यानं छाती काढून "शून्य" म्हटलं आणि पाठोपाठ हमसून हमसून रडायला लागला. तिनं त्याला पाणी दिलं, पुन्हा विचारलं, आणि खरा आकडा लिहिला. भिजवल्यानं थोडा फरक पडतो, पण सुईवाचून चालत नाही, असं तिला दिसत होतं. तेवढ्यात परीक्षा आली. तिनं चौतीस कागद उरक्याच्या हातात दिले. "बाकीचं मी बघतो," तो म्हणाला. आणि त्यानं बघितलं.

पेपर आल्यावर महिना-दोन महिन्यांनी बाजारात एक भरलेली हातगाडी उतारावरून सुटली आणि मामाच्या पायावरून गेली. हाड वाचलं, पण गुडघ्याखालची कातडी हातभर सोलून निघाली. आईनं दुसऱ्या हॉस्पिटलचं नाव काढताच मामा तिच्यावर गरजला. "घरात भाची डॉक्टर होतेय आणि मी परक्याच्या दारात जाऊ? जनाची नाही तर मनाची तरी लाज धर ताई." त्याला थोरलीच्याच कॉलेजात, मोठ्या सरांच्याच वॉर्डात भरती केलं. पहिल्या संध्याकाळी त्यानं समोरच्या खाटेवरच्या गवळ्यापासून दाराजवळच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं, की इथल्या पेपरात माझ्या भाचीचं नाव आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तास संपवून थोरली वॉर्डात आली तेव्हा खाट रिकामी होती. मामाला ड्रेसिंगला नेलं होतं. ड्रेसिंगची खोली पॅसेजच्या टोकाला. तिथून भांड्यांचा आवाज येत होता, पाणी ओतल्याचा आवाज येत होता, पण मामाचा आवाज येत नव्हता. तिला बरं वाटलं. ज्या माणसाला साधा काटा टोचला तर गल्ली गोळा होते, तो गप्प आहे म्हणजे फारसं दुखत नसणार. ती दार ढकलून आत गेली.

मामा टेबलावर आडवा होता. टॉवेलाचा बोळा करून त्यानं तोंडात कोंबला होता आणि दोन्ही हातांनी टेबलाच्या कडा धरल्या होत्या. गळ्याच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. डोळ्यांतून पाणी कानात ओघळत होतं. सिस्टर पट्टीचा शेवटचा थर सोडवत होत्या, अगदी सांभाळून, पाणी घालून घालून, जसं सांगितलं होतं तसंच. त्यांच्या हाताला काही दोष देण्यासारखा नव्हता.

"सिस्टर, सुई दिली नाही का?"

"सुई बंद झाली. केव्हाच."

"बंद? का पण?"

"आता का म्हणून मलाच विचार!" सिस्टरांनी मानेनं भिंतीकडं खूण केली. बेसिनच्या वर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तीच चार पानं चिकटवलेली होती. "तुमच्याच पेपरात आहे ना? भिजवून काढलं की दोनच दुखतं. दोनाला कुणी सुई देतं का?"

सिस्टरांनी नवी पट्टी बांधली, मामाच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "झालं हं काका. बघा, छापून आलंय तसंच. दोन."

मामानं तोंडातला टॉवेल काढला. भाचीला बघून तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "तुझ्या पेपरात बरोबर असणार गं थोरले," तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज इतका बारीक झाला की तिला वाकून ऐकावं लागलं. "एवढ्या लोकांना दोनच दुखलं म्हणजे दोनच दुखत असणार. माझीच कातडी नाजूक. बाजारात कळलं तर हसतील लेकाचे."

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. आधी स्वतःवर, मग त्या चार पानांवर, मग ज्यानं ती पानं भरली त्याच्यावर. दुखणं देणं वेगळं. दुखणाऱ्या माणसाला तुझं दुखणंच खोटं आहे असं पटवून देणं, आणि त्यानं ते पटवून घेऊन वर स्वतःलाच भित्रा ठरवणं, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. आणि हे सगळं तिच्या नावावर चाललं होतं.

उरक्या डॉक्टरांच्या खोलीत पाव खात बसला होता. ती आत आली तसा सरकून त्यानं जागा केली. वाईट माणूस नव्हता तो. उलट सगळ्यांना मदत करायचा, म्हणून तर त्याच्याकडं सगळे जात.

"सर, एकशेवीस कसे झाले?" तिनं उभ्या उभ्याच विचारलं.

"कसले?"

"आपल्या पेपरातले. मी चौतीस दिले होते."

"अच्छा, ते." त्यानं पाव बाजूला ठेवला. "त्या चौतिसात तेवीस जण भलतंच सांगणारे निघाले. आठ काय, नऊ काय. एकानं तर अकरा लिहायला लावलेलं. असे घेतले की सगळा हिशेब बिघडतो. म्हणून त्यांना 'सहकार्य न करणारे रुग्ण' या कारणाखाली गाळलं. उरले अकरा. तेवढ्यावर कोण छापतं? अकराचे एकशेवीस केले."

"केले म्हणजे?"

"अगं, केले म्हणजे केले. थोडं इकडं, थोडं तिकडं. कुणाचा दोन, कुणाचा दीड. सगळेच करतात. तुझी परीक्षा होती, भाच्याला अर्ज भरायचा होता, सरांना परिषदेला जायचं होतं. कुणीतरी उरकायला नको?"

भाचा म्हणजे मोठ्या सरांचा भाचा. तो दुसऱ्याच शहरात, दुसऱ्याच कॉलेजात शिकत होता. या वॉर्डाचा दरवाजा आत उघडतो की बाहेर, हेही त्याला ठाऊक नव्हतं, आणि पेपरात त्याचं नाव दुसरं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. जगात काही भाच्यांना मामा असे लाभतात आणि काही मामांना भाच्या अशा.

"ज्यांना दुखलं त्यांना गाळलं," थोरली सावकाश म्हणाली, जणू तिला स्वतःच्या कानांची खात्री करून घ्यायची होती. "ज्यांना दुखलं तेच गाळले, आणि मग लिहिलं की दुखत नाही."

"तू असं बोललीस की वाईट वाटतं ऐकायला," उरक्या म्हणाला आणि त्यानं पुन्हा पाव उचलला.

ती तडक मोठ्या सरांकडं गेली. मोठे सर कधी आवाज चढवत नसत. रागावण्याची त्यांना गरज पडत नसे, कारण प्रॅक्टिकलचे गुण त्यांच्या हातात असत. त्यांनी तिला बसवलं, सगळं ऐकून घेतलं, मध्येच एकदा "अरेरे" म्हणाले. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की तिला क्षणभर वाटलं, यांना खरंच काही ठाऊक नसावं.

"तुला त्रास होतोय, हे मी समजू शकतो," ते म्हणाले. "तुझं नाव काढून टाकू. उद्याच कळवतो त्यांना. त्या जागेसाठी चारजण माझ्या दारात उभे आहेत. तुझ्यावर काही ठपका नाही, कटकट नाही. झालं समाधान?"

ती भांडायच्या तयारीनं आली होती, आणि समोरच्यानं दारच सताड उघडून दिलं होतं. बाहेर पड, हात धू, स्वच्छ हो. पण ती स्वच्छ झाल्यानं मामाच्या तोंडातला टॉवेल निघणार होता का? ते एकशेवीस तिथंच राहणार होते, फक्त तिच्या जागी आणखी कुणाचा तरी भाचा येणार होता.

"नको सर," ती म्हणाली. "माझं नाव राहू दे. पेपर मागं घ्या. आणि सुई सुरू करा."

सरांची माया जरा पातळ झाली. "पेपर मागं घे म्हणायला पुरावा लागतो. तुझे कागद?"

"तुमच्या रेसिडेंटकडं दिले होते."

"छापून झाल्यावर ते कोण ठेवतं? रद्दीत गेले असतील." ते उठले, म्हणजे तिनंही उठायचं होतं. "तुला एवढीच शंका आहे तर पुन्हा विचार रुग्णांना. वॉर्ड तिथंच आहे. कोण अडवतंय?"

हे ते इतक्या निवांतपणे का म्हणाले, ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

ड्रेसिंग झाल्यावर ती कागद-पेन घेऊन वॉर्डात उभी राहिली. ड्रेसिंगचे बाराजण होते. पहिल्या खाटेवर घामानं भिजलेला गवळी. "तुमचं किती, दादा? शून्य ते दहा."

"दोन," गवळी म्हणाला. त्याचे ओठ अजून थरथरत होते.

दुसऱ्या खाटेवरचा पोरगेला ड्रायव्हर. "दोन."

तिसऱ्या खाटेवरच्या गृहस्थांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग सिस्टरांकडं. "दोनच म्हणायचं असतं ना?"

दाराजवळच्या म्हाताऱ्याचे डोळे रडून लाल झाले होते. तो म्हणाला, "दोन, बाळ. सिस्टर रोज सांगतात. माझं पाठ झालंय."

एकामागून एक, अख्खी रांग. खोटं आधी छापलं, मग भिंतीला लावलं, मग रोज सकाळी म्हणून घेतलं, आणि आता ते खरं झालं होतं. या घटकेला कुणी देवमाणूस येऊन प्रामाणिकपणे मोजलं असतं तरी सरासरी दोनच आली असती. ती मामाच्या खाटेपाशी आली.

"मामा, किती?"

"दोन."

"मामा, मी डोळ्यांनी बघितलंय. टॉवेलाला भोकं पडलीत तुझ्या."

"दोन लिही म्हणतो ना." त्यानं तिचा हात धरून खाली ओढलं. "तुझं नाव आहे त्यात. मी अख्ख्या वॉर्डाला सांगून बसलोय. आता मीच उठून तुला खोटी पाडू? मी मामा आहे तुझा, वैरी नाही."

"अरे, मी खोटीच आहे मामा!" थोरली ओरडली. ती इतक्या मोठ्यानं ओरडली की पॅसेजमधून जाणारी माणसं थांबली. "तो पेपर खोटा आहे. मी फक्त चौतीस जणांना विचारलं होतं. त्यातले तेवीस तुमच्यासारखेच कळवळत होते. त्यांना गाळलं. उरले अकरा. एकशेवीसमधले बाकीचे एकशेनऊ या भूतलावर नव्हतेच. टेबलाशी बसून बनवलेत ते. त्या बनावट माणसांना दोन दुखलं. तुम्हाला नाही. तुम्हाला किती दुखतं ते तुमच्याशिवाय कुणाच्या बापाला ठाऊक नाही, आणि तुम्ही माझ्या नावाची लाज राखत बसलात! नाव गेलं खड्ड्यात. मला आकडा सांग."

सिस्टरांनी हातातला ट्रे खाली ठेवला. मामानं पांघरुणाची कड मुठीत धरली.

"नऊ," तो म्हणाला. "आज नऊ. काल दहा होतं."

मग पलीकडून गवळ्यानं हात वर केला. "माझं दोन खोड. आठ लाव." ड्रायव्हर म्हणाला, "मला पण आठ, नाही, नऊ." तिसऱ्या खाटेवरचे गृहस्थ शिवी देऊन सात म्हणाले. दाराजवळच्या म्हाताऱ्यानं आकडाच सांगितला नाही. तो नुसता म्हणाला, "एवढे दिवस मला वाटायचं, मी म्हातारपणी रडूबाई झालो."

सिस्टर तिच्याजवळ आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी स्वतःच्या तोंडानं सांगत होते गं यांना," त्या म्हणाल्या. "पण सुई मी माझ्या मनानं देऊ शकत नाही. सरांची सही आण. मी या क्षणी देते."

सरांची सही येणार नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. त्याच संध्याकाळी थोरलीनं पेपर छापणाऱ्यांना लिहिलं. मी चौथी लेखिका, आणि यातली इतकी माणसं बनावट आहेत. आई समोर बसून डोळे पुसत होती. "तुझं अख्खं वर्ष त्यांच्या हातात आहे. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? मामाला दुसऱ्या हॉस्पिटलात हलवू, आणि मिटव."

आईनं मामालाही तेच सांगून पाहिलं. मामा म्हणाला, "दुसरीकडं नेशील ताई, पण तिथल्या लोकांनी हाच पेपर वाचला असेल तर?"

छापणाऱ्यांचं उत्तर आलं. तुमची तक्रार गंभीर आहे, खुलाशासाठी आम्ही ती पहिल्या लेखकांकडं पाठवली आहे. पहिले लेखक म्हणजे मोठे सर. चोराची तक्रार चोराच्याच घरी पोचती झाली होती. आणि दोन दिवसांनी थोरलीला कॉलेजच्या संशोधन समितीपुढं हजर राहण्याचं पत्र मिळालं. आरोप असा, की तिनं समितीची परवानगी न घेता बारा रुग्णांना वेदनेविषयी प्रश्न विचारले आणि वॉर्डातली शांतता बिघडवली. निकाल लागेपर्यंत तिला वॉर्डात जायला बंदी.

समितीची खोली थंडगार होती. लांब टेबल, त्यामागं पाचजण, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली, कडेला कामकाज टाइप करणारा क्लार्क. मोठे सर अध्यक्षांच्या खुर्चीत नव्हते. तेवढी लाज बाळगली होती. ते शेजारच्या खुर्चीत निमंत्रित म्हणून बसले होते.

"रुग्णांना प्रश्न विचारण्याआधी लेखी परवानगी घेतली होतीत का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. सर म्हणाले, पुन्हा विचार, कोण अडवतंय."

"मी तसं म्हणाल्याचं मला आठवत नाही," मोठे सर मायेनं म्हणाले.

"रुग्णांची संमती कागदावर घेतलीत का? त्यांच्यावर दडपण आणलंत का? त्यातला एक तुमचा नातेवाईक आहे, हे समितीला का कळवलं नाहीत?"

एकामागून एक प्रश्न, आणि सगळे नियमात बसणारे. थोरली उत्तरं देत होती आणि आतून पेटत होती. जी एकशेनऊ माणसं जन्मालाच आली नव्हती त्यांच्यासाठी याच समितीची परवानगी होती, शिक्क्यासकट. आणि जी बारा माणसं हाडामांसाची होती, त्यांना दुखतंय का एवढं विचारणं हा गुन्हा ठरला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण इथं चोरानं बोंबा मारायलासुद्धा एअरकंडिशन्ड खोली आणि पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या.

शेवटी अध्यक्षांनी चष्मा काढला. "तुमचं वय लहान आहे. समितीला तुमचं नुकसान करायचं नाही. यापुढं परवानगीशिवाय कुठल्याही रुग्णाला असे प्रश्न विचारणार नाही, एवढं लिहून द्या आणि विषय संपवू. शेवटचं वर्ष आहे तुमचं. विचार करा."

कोरा कागद सरकत सरकत तिच्यापुढं आला. मोठे सर तिच्याकडं बघून हसले. त्यांच्या परीनं ते तिला वाचवत होते. तिनं पेन उचललं. उद्याच्या सकाळची ड्रेसिंगची खोली तिच्या डोळ्यांपुढं आली, आणि मग तिच्या लक्षात आलं की इतका वेळ या खोलीत एक गोष्ट झालीच नाही. तिनं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही मला सगळं विचारलंत," ती म्हणाली. "परवानगी विचारलीत, कागद विचारलेत, नातं विचारलंत. त्या बाराजणांनी काय सांगितलं, हे तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. पाचही जण डॉक्टर आहात."

अध्यक्षांनी पुन्हा चष्मा घातला. मोठ्या सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त ते आता त्यांना धरून ठेवावं लागत होतं. क्लार्कची बोटं कीबोर्डवर थांबली होती. त्यानं एकदा अध्यक्षांकडं पाहिलं, मग मोठ्या सरांकडं. दोघांनीही त्याच्याकडं पाहिलं नाही. तेव्हा त्यानं थोरलीलाच विचारलं, "मॅडम, पुढं काय लिहू?"

"लिहून देणार नाही, असं लिहा," थोरली म्हणाली. "उद्या सकाळी ड्रेसिंग आहे, दाराबाहेर उभी राहून का होईना, उद्याही विचारणार आहे, असं लिहा. आणि आता हे लिहा. खाट पहिली, आठ. खाट दुसरी, नऊ. खाट तिसरी, सात."